पत्रकात न लिहिलेली गोळी

पत्रक लिहायचे नियम मला तोंडपाठ आहेत. मथळा असा हवा की चालत्या माणसाने थांबावं. वाक्य आठ शब्दांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. दोष कुणाचा ते पहिल्या परिच्छेदात सांगून टाकायचं. आणि शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते स्पष्ट लिहायचं, नाहीतर कागद भजी बांधायला जातो. तसा तो जातोच. रेतीउपशावरचं माझं पत्रक मी स्वतः गरम भज्यांखाली तेलकट होताना पाहिलंय, आणि ती भजी खाल्लीही आहेत.

मालवणच्या किनाऱ्यावर आमची चार-पाच जणांची टोळी अशी पत्रकं काढते. बंद पडणाऱ्या शाळा, किनाऱ्यावरचा कचरा, दिवे लावून होणारी मासेमारी. भांडायला विषय कमी नाहीत. त्यातलं एक पत्रक संपूर्ण माझं होतं: ‘विटाळ कुणाचा?’ पाळीच्या चार दिवसांत बाईला देवापासून आणि चुलीपासून लांब ठेवतात, त्याविरुद्ध. मी ते आठवडा बाजारात वाटलं, बचतगटात वाटलं, देवळाच्या पायरीवर उभी राहून वाटलं. एका आजोबांनी ते पूर्ण वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, अक्षर सुवाच्य आहे.

आणि दोन वर्षांनी चतुर्थीला पाळी पुढे ढकलायची गोळी मीच घेतली.

हे मी इथे पहिल्यांदा लिहितेय असं नाही. पण पहिल्यांदा लिहायला मला एक वर्ष लागलं. त्या वर्षाची ही गोष्ट.

झालं असं, की श्रावणात आई विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. घरात आम्ही तिघंच. बाबा मासेमारी करतात. भाऊ गोव्यात हॉटेलात नोकरीला, तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी येणार. म्हणजे एकवीस मोदक, नेवऱ्या, खतखतं, काळ्या वाटाण्यांची उसळ, सगळं माझ्यावर. त्याचं मला काही नव्हतं. पण माझी तारीख नेमकी चतुर्थीची होती.

आई काही म्हणाली नाही. हेच तर. म्हणाली असती तर मी भांडले असते, माझं पत्रक तिच्यापुढे मोठ्याने वाचलं असतं. ती नुसती कॅलेंडरसमोर उभी राहिली, प्लास्टरच्या हाताने घाम पुसला आणि म्हणाली की नैवेद्याचं शेजारच्या काकीला विचारते. काकीच्या घरी तिचा स्वतःचा गणपती. वाडीत घरटी गणपती. कुणाला विचारणार होती ती?

मी सरळ मेडिकलमध्ये गेले. कुणी पाठवलं नाही. दुकानदाराने चतुर्थीच्या हंगामात ती पाकिटं हाताशीच ठेवलेली असतात. त्याने काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. पुढ्यात ठेवलेल्या चिवड्याच्या पुड्यांची जेवढी चौकशी गिऱ्हाईक करतं, तेवढीसुद्धा नाही. घरी येऊन आईला सांगितलं, काकीला नको विचारू, माझी सोय झालीय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिला कळलं.

चार दिवस गोळ्या चालल्या. हरतालिकेला आईबरोबर मीही निर्जळी केली. श्रद्धा म्हणून नाही. आई तहानलेली असताना शेजारी बसून पाणी प्यायलं की घोटाघोटाचा आवाज होतो. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढे. पाण्याची आठवण दुपारी झाली, तीसुद्धा खतखतं आळायला लागलं म्हणून.

मोदक उत्तम झाले, हे नमूद करते. कळ्या सारख्या, एकही फुटला नाही.

डोकं दुखायला लागलं ते त्याच संध्याकाळी. मला वाटलं धूर. दुसऱ्या दिवशी वाटलं जागरण. पण हे दुखणं विचित्र होतं. आडवी पडले की वाढायचं, उठून बसले की जरा कमी. सकाळी सगळ्यात वाईट. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. बाबा मला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नीट तपासलं, आणि नेमका हवा तो प्रश्न विचारला: कुठल्या गोळ्या चालू आहेत का?

शेजारी बाबा होते. बाकावर वाडीतल्या दोघी होत्या, माझ्याकडून ‘विटाळ कुणाचा?’ घेऊन वाचलेल्या. मी म्हटलं, नाही.

दोन अक्षरी उत्तर. पत्रकाच्या नियमात अगदी बसणारं. डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. त्यांना दोष देणारी मी कोण?

पाचव्या दिवशी सकाळच्या आरतीला मला गणपती दोन दिसले. एकाशेजारी एक, दोघांच्याही सोंडा डावीकडे. मी तसं बोलून गेले. शेजारची काकी टाळ वाजवत होती. ती टाळ न थांबवता म्हणाली, “दोन दिसले? नशीब काढलंस गो. आमका एकय धड दिसणा नाय.” सगळे हसले, मीही हसले. मग माझा उजवा हात आपला आपण झटके द्यायला लागला आणि आरतीचं तबक खाली गेलं. आईने मीठ-मिरच्या उतरवायला घेतल्या, प्लास्टरच्या हाताने, त्यामुळे निम्म्या मिरच्या माझ्या डोक्यातच पडल्या. बाबांनी तिला बाजूला केलं. “ह्या नुसता जाग्रण नाय,” ते म्हणाले. “गाडी काढूक सांगा.”

गाडी म्हणजे बाबांच्या मित्राचा मासळीचा टेम्पो. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, आणि पुढे गोवा. डोकं वर उचलून ठेवायला बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर चादर घातली होती. अख्खा रस्ता बांगड्याचा वास. सावंतवाडीला शुद्धीत होते का असं भावाने नंतर विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की मी मनातल्या मनात रस्त्यातले खड्डे मोजत होते, पत्रकासाठी. ते खरं आहे.

गोव्याच्या इस्पितळातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. मी आधीच्या दवाखान्यात खोटं बोललेय याचा तिला पत्ताच नव्हता.

“गोळी घेतल्यान हा, डॉक्टर. पाळी पुढे ढकलूची. माझ्यासाठी घेतल्यान. मीच सांगलंय.”

तिने सांगितलं नव्हतं. एक शब्दही बोलली नव्हती. पण तिने तो भार असा उचलला, जसा भरलेला हंडा दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतात. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरने पेन थांबवलं आणि विचारलं, किती दिवस झाले, पाणी किती पितेस, घरात कुणाला पायात रक्त गोठल्याचा त्रास आहे का. मग मला त्या नळकांड्यासारख्या यंत्रात घातलं. आतला आवाज आमच्या गावच्या भातगिरणीसारखा.

निदान झालं: मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ. आम्हाला वाटायचं, डोक्यात रक्त गोठणं म्हणजे म्हाताऱ्यांचा लकवा. डॉक्टरने समजावलं की तो बहुतेक वेळा मेंदूकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीचा प्रकार. हा वेगळा. यात रक्त वर चढतं व्यवस्थित, पण उतरायची वाट बंद होते, म्हणून आतला दाब वाढतो, डोळ्यांवर येतं, झटके येतात. तरुण बायकांना होऊ शकतो, बाळंतपणानंतर होऊ शकतो, अशा गोळ्यांनी होऊ शकतो. शरीरातलं पाणी कमी झालं की आणखी सोपं. ही गोळी घेणाऱ्या सगळ्याजणींना काही होतं असं नाही, आणि एकट्या गोळीनेच झालं असंही ती छातीठोकपणे सांगणार नव्हती. पण विचारल्याशिवाय घेऊ नये एवढं नक्की.

बाबा विचार करत होते. मग म्हणाले, “म्हणजे खाडीचा तोंड बुजलाहा. वरसून पाणी येता, भायर जाऊक वाट नाय. मग ता शेतात चढता.”

डॉक्टर म्हणाली की ती हे पुढच्या पेशंटला असंच सांगेल. गाठ आणखी वाढू नये म्हणून औषध, बाकी वाट हळूहळू शरीर स्वतः मोकळी करतं. ते औषध म्हणजे पोटात इंजेक्शनं. माझं पोट निळं-जांभळं झालं, आमच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशासारखं. चौथ्या दिवशी डोक्यावरचा दगड उतरला. सहाव्या दिवशी डॉक्टरने दोन बोटं दाखवली आणि मला दोनच दिसली. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

मग तिने वळून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. “बांगडो चलात?”

चालेल, डॉक्टर म्हणाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी काही महिने घ्यायची, रक्त वेळोवेळी तपासायचं. मासे खा. पालेभाजी मात्र बेताची आणि रोज साधारण सारखीच, एक दिवस ढीगभर आणि मग चार दिवस काहीच नाही असं नको.

बाबांना लहानपणापासून पालेभाजीचा तिटकारा. ते छताकडे बघून म्हणाले, “देव आसा.”

घरी आले तर वाडीत बातमी तयार होती. आंदोलनं करून करून पोरीच्या डोक्यात रक्त गोठलं. काय सांगू, मला ती आवडली. ध्येयासाठी डोक्यात रक्त गोठवून घेतलेली मुलगी. देवाच्या भीतीने गोळी गिळणाऱ्या मुलीपेक्षा केव्हाही बरी. मी ती बातमी खोडली नाही. आई गप्प, बाबा गप्प, भाऊ गोव्यात.

आणि पत्रक लिहिलं. ‘चतुर्थीची गोळी: विचारा, मग गिळा.’ संताप ठासून भरला. न विचारता विकणाऱ्यांवर, न बोलता रेटणाऱ्या रूढीवर, बायकांच्या शरीराला देवघराचं वेळापत्रक लावणाऱ्या समस्तांवर. खाली धोक्याच्या खुणा: आडवं पडल्यावर वाढणारं डोकं, उलट्या, दुहेरी दिसणं, हातापायाला झटके. ‘लगेच मोठ्या दवाखान्यात जा. गोळी घेतल्याचं डॉक्टरला सांगा.’ हे शेवटचं वाक्य मी ठळक छापलं. कोण छापतंय बघा.

आईने ते चष्मा लावून वाचलं. “बरा लिवलंस,” ती म्हणाली. “पण ह्यात तू खंय आसंस?”

मी म्हटलं, पत्रकात ‘मी’ नसतो. नियम आहे.

“बरो नियम आसा,” आई म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला.

पुढच्या वैशाखात भावाचं लग्न झालं. वहिनी दोडामार्गकडची, काजू-केळीच्या बागेतली. हसरी, तोंडाने फटकळ, आणि मला वन्स म्हणताना अशी म्हणायची की आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. चतुर्थी आली तशी तिच्या पहिल्या ओवशाची तयारी सुरू झाली. नवी सून गौरीला माहेरून आलेली सुपं भरून ओवसते, फळं, काकड्या, नारळ, पाच प्रकारची पानं घालून. सगळी वाडी बघायला येते. ते एकदाच असतं. अडचण आली तर पुढच्या वर्षावर जातं, आणि वर्षभर लोक विचारत राहतात की का गेलं. तिच्या वडिलांनी सुपांसोबत बागेतले केळीचे चार घड आधीच पाठवून दिले होते.

गौरीच्या आधी चार दिवस, दुपारी, मी स्वयंपाकघरात शिरले तर वहिनी ओट्याशी उभी. एका हातात पाण्याचा पेला, दुसरी मूठ बंद.

मी मुठीकडे पाहिलं. तिने लपवलं नाही. “वन्स, पत्रक वाचलंय मी,” ती म्हणाली. “दोन येळा. डॉक्टरांका विचारा म्हणान लिवलंय. डॉक्टरांका विचारलंय तर ते नको म्हणतले. मगे माझो ओवसो कोण घेतलो? तुमी?”

आठ शब्दांचा नियम मी तिथेच सोडला. मी रूढीबद्दल काहीतरी बोलायला लागले. ती ऐकत होती, पण पेला खाली ठेवत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे तिच्या जागी मी दिसायला लागले, टेम्पोत, बर्फाच्या खोक्यावर. या वेळी डोळ्यांत दोष नव्हता.

“ही गोळी मी खाल्ली होती,” मी म्हटलं. “आंदोलनाने काही झालं नाही मला. या गोळीने झालं. आणि दवाखान्यात विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. दोन दिवस गेले त्यात. मरता मरता राहिले.”

वहिनीने पेला ठेवला. “मगे पत्रकात लिवलं कित्याक नाय?”

“लाज वाटली.”

मग तिने मूठ उघडली, गोळी ओट्यावर ठेवली, अगदी मध्यावर. “मी घेणंय नाय,” ती म्हणाली. “पण आईंका तुमी सांगूचा.”

सांगायची गरज पडली नाही. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे. आई पडवीत आळू निवडत होती, देठ एकीकडे, पानं एकीकडे. आम्ही दोघी तिच्यापुढे उभ्या राहिलो तरी तिने मान वर केली नाही. मी मनात तीन मुद्दे मांडून ठेवले होते. तिने पहिल्यालाही वाव दिला नाही.

“गेल्या साली नैवेद्य चुको नये म्हणान गोळी खाल्लंस,” ती आळवाशी बोलल्यासारखी बोलली. “आणि पाचव्या दिवशी आमी सगळे गोव्याक. देव हयसर एकटो. काकीन दूध-साखर दाखवल्यान, भजनवाल्यांनी नेवन पाण्यात शिरवल्यानी. खंय रागावलो देव? तुका परत धाडल्यान.” मग तिने वहिनीकडे पाहिलं. “सूप भर नि ओवस. तारीख येवदे नायतर जावदे.”

इतकंच. मी तीन वर्षं जे छापून वाटत होते ते तिने आळवाची पानं निवडता निवडता संपवलं. मला थोडा रागच आला. मग मी तिच्याशेजारी बसून देठ सोलायला लागले. हाताला खाज सुटली, पण ती आळवाची.

ओवसा थाटात झाला. वहिनी सुपं घेऊन अशी उभी राहिली की काकीसुद्धा बोट ठेवायला जागा शोधत राहिली. संध्याकाळी आरतीला घर भरलं. आरती झाल्यावर बाबा गाऱ्हाणं घालायला पुढे आले. घरच्या कर्त्याने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, ही आमची रीत. लोक इतक्या सवयीने होकार भरतात की अर्थ मागाहून पोचतो. बाबांनी बहुतेक त्यावरच भिस्त ठेवली होती.

“बा देवा गणपती म्हाराजा,” ते हात जोडून म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” सगळं घर.

“गेल्या साली तुझ्या नैवेद्यासाठी आमच्या चेडवान पाळीची गोळी खाल्ल्यान, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आणि मग, अर्थ पोचल्यावर, माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. पण आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

“तिच्या डोक्यातला रगात गोठला, आणि आमी तुका हयसर एकटो टाकून पळालो, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” निम्मं घर.

“तर आजपासून ह्या घरातली बायल असली गोळी खावची नाय. ती जशी असात तशी तुझ्या म्होऱ्यात येयत, आणि तिच्या हातचा जा काय असात ता तू गोड मानून घे, म्हाराजा.”

कुणीच काही म्हणालं नाही. मृदंगवाल्याने मृदंगाकडे पाहिलं. बाबांचे हात जोडलेलेच. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती.

मग दारातून काकीचा आवाज आला. वैतागलेला. “व्हय म्हाराजा. पुढे बोल, उसळ थंड होता.”

आणि मग सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी माझ्या हातात एक पुडी देऊन गेली. आत दोन अख्खी पाकिटं, तिच्या दोन सुनांसाठी आणून ठेवलेली. ‘तूच टाक खंय ती,’ असं म्हणाली. पुडी माझ्याच पत्रकाची होती. मी तो कागद सरळ केला आणि पत्रक पुन्हा लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य: ही गोळी मी खाल्ली होती. पाच शब्द. दोष कुणाचा ते पहिल्या परिच्छेदात.

वहिनीची तारीख काही गौरीला आली नाही. विसर्जन झालं, गणपतीवर टांगलेल्या माटवीची फळं वाटून संपली, भाऊ गोव्याला परत गेला, त्यानंतर दोन दिवसांनी आली. आईने हे ऐकलं आणि आधी हसली, मग हिशेबाने वैतागली. म्हणजे एवढं सगळं वाडीभर देवासमोर बोलून गाऱ्हाणं फुकट गेलं, असं तिचं म्हणणं.

बाबा जाळं शिवत होते. सुई न थांबवता म्हणाले, “फुकट कशाक जाता? पुढल्या साली लागात.”